समुद्र नसलेल्या जिल्ह्याचे मासेमार

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. सर्वांत जवळचा समुद्र सुरतेकडचा, तोही दुसऱ्या राज्यातला. तरीही जिल्ह्यात मासेमारांची गावं आहेत, त्यांच्या सहकारी संस्था आहेत, जाळी आहेत, होड्या आहेत. बँकेच्या नोकरीत माझी बरीच वर्षं अक्कलकुवा, धडगाव आणि नवापूर या तालुक्यांत गेली. जाळ्यासाठी कर्ज मागणारे, हप्ता भरायला डोंगर उतरून येणारे, संस्थेचं दप्तर काखेत धरून बाकावर बसलेले सचिव, अशी माणसं टेबलापलीकडून भेटत गेली आणि मग मीही त्यांच्या काठावर जाऊ लागलो.

कोकणातला, वसई-कोर्लईकडचा कोळीवाडा पाहिलेला पाहुणा इकडे आला की तेच शोधत फिरतो. रंगवलेल्या होड्या, काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, नारळी पौर्णिमेची मिरवणूक. यातलं त्याला जवळजवळ काहीच सापडत नाही. कारण सोपं आहे. इथल्या बहुतेक मासेमारांच्या आजोबांनी नांगर धरला होता. पाणी चढत चढत त्यांच्या दारापर्यंत आलं आणि शेत गेलं, तेव्हा नातवाने जाळं उचललं. हे एकदा ध्यानात आलं की बाकीचं समजायला सोपं जातं. मला जे समजत गेलं ते खाली क्रमाने मांडतो.

१. जिल्हा एक, पाणी तीन

‘नंदुरबारची मासेमारी’ असं एका दमात बोलता येत नाही. तापीची तऱ्हा वेगळी, उकाईची वेगळी, नर्मदेची त्याहून वेगळी.

तापीकाठी, प्रकाशा आणि सारंगखेड्याच्या पट्ट्यात, भोई आणि कोळी मंडळींचा हा पिढीजात धंदा. प्रकाशा म्हणजे तापी-गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ, खानदेशाची दक्षिण काशी. १९५४-५५ मध्ये इथल्या पांढरीच्या टेकाडावर उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उजेडात आली. इतक्या जुन्या काठावरचा भोई नदीला नावानिशी ओळखतो. कुठला डोह किती खोल, कुठल्या खडकाखाली वाम बसते, हे त्याला बापाने दाखवलेलं असतं. पूर्वी वर्षाची वाटणी ठरलेली होती. पावसाळ्यात माणसं पार करायची, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या लावायच्या, मधल्या काळात जाळं. प्रकाशा आणि सारंगखेडा इथे बॅरेज झाले तसं उन्हाळ्यातही पाणी थांबू लागलं. जाळ्याचं बरं झालं, वाडीची वाळू बुडाली. एकाच घरातले दोन भाऊ बॅरेजबद्दल दोन तोंडांनी बोलताना मी ऐकले आहेत, आणि दोघांचंही खरं होतं.

उकाई धरण तापीवरच, पण गुजरातेत. ते १९७२ मध्ये पूर्ण झालं. त्याचं पाणी, कागदोपत्री नाव ‘वल्लभसागर’, मागे सरकत महाराष्ट्रात आलं. नवापूरकडचे मावची, गामीत, कोकणी आदिवासी शेतकरी त्या पाण्यावर मासेमार झाले. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे. पाहुणे तिथल्या बाकावर दोन राज्यांत मिळून बसल्याचा फोटो काढतात. इथला मासाही तसाच, दोन राज्यांचा. त्याचा भाव बहुतेकदा पलीकडे ठरतो.

तिसरं पाणी नर्मदेचं. नर्मदा महाराष्ट्राला फक्त ५४ किलोमीटर शिवते, आणि ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजे धडगाव) तालुक्यांच्या डोंगरांची हद्द आहे. तिथली मासेमारी सरदार सरोवराची. ती सर्वांत तरुण आणि मला सर्वांत जास्त शिकवणारी. पुढचं बोलणं मुख्यतः तिच्याबद्दल.

२. काठावर उभं राहिलात की पाण्याखालचं आधी विचारा

सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं आली, ९ अक्कलकुवा तालुक्यातली आणि २४ अक्राणीतली. मणिबेली हे त्यातलं धरणाला सर्वांत जवळचं. १९९३ च्या पावसाळ्यात तिथली घरं पाण्यात जाऊ लागली. नर्मदा बचाव आंदोलनामुळे हे नाव जगभर गेलं. १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणं थांबवावं असं सांगणारं जे जाहीर पत्रक निघालं, त्यालाही मणिबेलीचंच नाव होतं. त्यानंतर भिंत टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी पहिल्यांदा पूर्ण उंचीला, १३८.६८ मीटरला टेकलं.

काही कुटुंबं तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर, सोमावल, रोझवा, वडछील अशा वसाहतींत गेली. काही डोंगरात वर सरकून तिथेच राहिली. या राहिलेल्यांतले अनेकजण आज मासे पकडतात.

होडीतून जाताना नावाडी पाण्याकडे बोट करून सांगतो, ‘इथं आमचं खळं होतं,’ ‘ही चिंच,’ ‘इथून वाट उतरायची.’ पाहुण्याला निळंशार पाणी आणि दोन्ही बाजूचे डोंगर दिसतात, नावाड्याला शेताचे बांध दिसतात. परिक्रमेची पुस्तकं वाचलेल्या मराठी वाचकाला शूलपाणीची झाडी माहीत असते. तिथली काठाकाठाने जाणारी जुनी वाटही पाण्याखाली गेली, म्हणून परिक्रमावासी आता वरून, डोंगरातल्या गावांतून जातात. त्या वाटेबद्दल विचारलंत तरी माणसं बोलती होतात. ‘मासे किती मिळतात?’ या प्रश्नाने सुरुवात केली तर उत्तर मिळतं, गप्पा मिळत नाहीत.

३. हा किनारा एका जागी राहत नाही

समुद्राला भरती-ओहोटी असते, पण कोळ्याचं घर वर्षभर समुद्रापासून तेवढ्याच अंतरावर असतं. इथे तसं नाही. जलाशय भरला की पाणी १३८.६८ मीटरवर, आणि वापरून खाली उतरवता येतं ते ११०.६४ मीटरपर्यंत. म्हणजे किनाऱ्याची उंची जवळजवळ २८ मीटर वर-खाली होऊ शकते, साधारण नऊ मजली इमारतीएवढी. पाणी किती सोडायचं ते मासेमाराच्या हातात नसतं. रात्री काठाला बांधलेली होडी सकाळी चिखलात आडवी पडलेली दिसते, किंवा दोर ताणून बुडायला आलेली.

पाणी उतरलं की खाली गुडघाभर गाळ. त्यातून मासे डोक्यावर घेऊन वर चढणं हे काम जाळं टाकण्याहून जड आहे, आणि ते बहुधा बायका करतात. बुडालेली झाडं अजून पाण्यात उभी आहेत. त्यांचे खुंट जाळं फाडतात. नवीन जाळ्याच्या हंगाम संपायच्या आत चिंध्या होताना मी पाहिल्या, तेव्हा कळलं की आमच्या बँकेच्या तक्त्यात जाळ्याचं आयुष्य जे लिहिलेलं असतं ते सपाट तळाच्या तलावावरून धरलेलं आहे.

गाळाचा एक फायदाही आहे. उघड्या पडलेल्या जमिनीवर माणसं लगेच काहीतरी पेरतात. धरणांच्या काठी तिला गाळपेर म्हणतात. मासेमार म्हणून नोंदलेला माणूस पाणी उतरलं की चार महिन्यांचा शेतकरी होतो. त्याला विचारा, ‘धंदा कोणता?’ उत्तर महिना पाहून येईल.

४. मासा ओळखायचा तर बाजारात जा

काठावर दिसतो तो मासा विकायचा असतो. घरी काय खातात ते आठवडे बाजारात कळतं.

विकायच्या टोपलीत कटला, रोहू, मृगल हे सोडलेल्या बियाण्याचे मासे, तिलापिया, कधी मोठा शिंगाळा किंवा मरळ. घरच्या भांड्यात बारीक मासळी, झिंगे, किंवा टोपलीतून दुखावला म्हणून बाजूला काढलेला मासा. तो चुलीवरच्या धुरात सुकवतात, नाहीतर रस्सा करतात. रश्श्याला आंबटपणा आमचुराचा. धडगावकडे कैरीच्या फोडी उन्हात घालून आमचूर करणं हा घरोघरीचा उद्योग आहे, आणि तिखट तर नंदुरबारच्या मिरचीचं. भाकर ज्वारीची किंवा मक्याची.

धडगाव-मोलगीच्या बाजारात आणखी एक गोष्ट दिसेल. सुकट आणि बोंबलाचे ढीग. समुद्र कधी न पाहिलेल्या सातपुड्यातल्या घरांत खारवलेला समुद्राचा मासा पिढ्यान्‌पिढ्या शिजतो आहे, कारण तो टिकतो, खांद्यावरून नेता येतो आणि मूठभरात घरभराची भाकर जाते. सरोवर दारात आल्यावरही सुकटीचं गिऱ्हाईक संपलेलं नाही. ताजा मासा विकून त्याच पैशातून सुकट घेऊन जाणाऱ्या बाईला मी त्याचं कारण विचारलं होतं. ती म्हणाली, ‘पावसात काय खाणार?’ पावसाळ्यात होडी काढणं धोक्याचं, आणि त्या दिवसांची तजवीज उन्हाळ्यातच व्हायला हवी. माझा प्रश्न तिथेच संपला.

सरोवराच्या आधीही इथे मासे पकडत होते, हे विसरू नये. उदई आणि तिच्यासारख्या डोंगरी नद्यांत, ओढ्यांत, बांबूच्या पिंजऱ्यांनी, हातजाळीने, उन्हाळ्यात आटलेल्या डोहात गेळाची फळं ठेचून टाकून. ती मासेमारी सगळ्या पाड्याची असायची आणि वाटणीही सगळ्यांची. वाहत्या, खडकाळ पाण्यातला महाशीर तेव्हा ओळखीचा होता. थांबलेल्या पाण्यात त्याचं जमत नाही. म्हातारी माणसं त्याच्या आकाराच्या गोष्टी सांगतात, तरुणांच्या जाळ्याला तो क्वचितच लागतो.

५. मासा पकडणं सोपं, तो बाजारात पोचेपर्यंत ताजा ठेवणं कठीण

कर्जाचे अर्ज वाचताना मला सुरुवातीला वाटायचं, होडी आणि जाळं दिलं की धंदा उभा राहिला. काठावर गेल्यावर दिसलं की सगळा हिशोब बर्फावर आहे.

मासा पहाटे निघतो. तिथून होडीने धक्क्यावर, धक्क्यावरून चढून रस्त्यावर, रस्त्यावरून जीपने मोलगी किंवा धडगाव. पुढे अक्कलकुव्याला उतरायचं तर देवगोई घाट, तळोद्याला उतरायचं तर चांदसैली घाट. दरड आली की घाट बंद. मासा मात्र वाट पाहत नाही. बर्फाचा कारखाना सपाटीवर, म्हणजे बर्फ खालून वर यायचा आणि वितळत वितळत पुन्हा खाली जायचा. ज्याच्याकडे बर्फ आणि गाडी आहे तोच भाव ठरवतो. व्यापाऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण तो पहाटे गाडी घेऊन घाट चढतो, आणि तो आला नाही त्या दिवशी अख्खी रास चुलीवरच्या धुरात जाते.

ज्या संस्था टिकल्या त्यांनी होड्यांच्या आधी वजनकाटा आणि बर्फाची पेटी घेतली. स्वतःच्या काट्यावर, सगळ्यांसमोर वजन करून मासा द्यायचा. इतकी साधी गोष्ट, पण तिच्यामुळे सभासदांचा संस्थेवर विश्वास बसला. सभासद संस्था सोडून व्यापाऱ्याला परस्पर मासा देऊ लागले की समजावं, संस्थेच्या काट्यावर संशय आहे किंवा पैसे उशिरा मिळताहेत. तिसरं कारण मला फारसं आढळलं नाही.

६. जाळ्याच्या डोळ्यात पुढचं वर्ष असतं

रोहू, कटला, मृगल हे मासे पावसाळ्यात, वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात. थांबलेल्या पाण्यात त्यांची वीण भरवशाची नसते. म्हणून जलाशयात दरवर्षी बोटुकली सोडावी लागते, म्हणजे बोटाएवढी वाढवलेली पिल्लं. ती सोडल्यावर वर्षभर थांबायचं. किलोभराचा मासा झाला की पकडायचा.

थांबणं हेच अवघड. घरात पैसा हवा असतो, आणि बारीक डोळ्याचं जाळं बाजारात स्वस्त मिळतं. एकाने ते टाकलं की दुसऱ्याला वाटतं, मी थांबून काय मिळवणार? मग सगळ्यांची जाळी बारीक होतात आणि दोन वर्षांनी सगळेच म्हणतात, मासा राहिला नाही. यावर पोलिसी उपाय चालताना मी पाहिला नाही. एका गावात मात्र पंचांनी बसून ठरवलं की अमुक डोळ्याखालचं जाळं ज्याच्या होडीत सापडेल त्याने गावाला जेवण द्यायचं. दंडाच्या पैशापेक्षा गावजेवणाची लाज मोठी ठरली. जुन्या डोहाच्या मासेमारीतली सामाईक वाटणीची सवय तिथे उपयोगी पडली, असं मला वाटतं. ज्या गावांत ती सवय मोडली होती तिथे नियम कागदावरच राहिला.

अलीकडे पिंजऱ्यातली मत्स्यशेती आली आहे. तरंगत्या चौकटींना जाळी लावून त्यात तिलापिया किंवा पंगस वाढवतात. उत्पन्न नक्की मिळतं, पण खाद्य विकत आणावं लागतं आणि रात्री राखण करावी लागते. हा गोठ्यासारखा धंदा आहे. जाळ्याच्या माणसाला रुळायला वेळ लागतो, गुरं राखलेल्या माणसाला नाही. त्या बाबतीत शेतकऱ्याचा मासेमार झालेला बरा.

७. पाण्याचा सातबारा नसतो

बँकेला तारण लागतं. ‘सातबारा आणा’ हे वाक्य मी किती वेळा उच्चारलं असेल याची मोजदाद नाही. डोंगरात आधीच सातबारे विरळ. कित्येक घरं पिढ्यान्‌पिढ्या नेवाडची, म्हणजे जंगल साफ करून कसलेली जमीन कसत होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने तिच्यावर हक्क सांगायची वाट उघडली, तोवर कित्येकांची ती जमीन पाण्यात होती. ज्यांचा सातबारा होता त्यांच्यातल्या काहींच्या उताऱ्यावरचं शेत सरोवराच्या तळाशी. त्यावर कर्ज कसं द्यायचं?

२०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सोय मासेमारांनाही लागू झाली. काम सोपं होईल असं वाटलं आणि थोडं झालंही. पण मासेमार असल्याचा दाखला हवा, आणि तो संस्थेच्या सभासदत्वावर मिळतो. संस्था नीट चालत नसेल तर दाखला नाही, दाखला नाही तर कार्ड नाही. म्हणून मी सगळ्यांना एकच सल्ला देत आलो. होडी कर्जाने नंतर घ्या, आधी संस्थेची वार्षिक सभा वेळेवर घ्या आणि इतिवृत्त लिहा. जाळी विणणाऱ्या हातांना हे काम कंटाळवाणं वाटतं. पण पाण्यावरचा हक्क सांगायला तेवढाच एक कागद असतो.

नर्मदा पाणीवाटप लवादाने १९७९ मध्ये या प्रकल्पाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राला दिला. हा आकडा मी काठावरच्या एका पाड्यात बोललो होतो, तेव्हा एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, ‘मग आमच्याकडे दिवा कधी?’ त्यानंतर टक्केवारी सांगायची माझी सवय कमी झाली.

८. काम मासेमारीचं, सण शेताचे

इथे नारळी पौर्णिमा नाही. होडीची पूजा करतात, नर्मदामायला नारळ वाहतात, पण मासेमारांचा म्हणून वेगळा सण अजून झालेला नाही. पंचांग अजून जमिनीचं आणि जंगलाचं आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला निलचारी, मग वाघदेव, घरच्या नवसाचा इंदल, आणि सगळ्यांवर कळस म्हणजे होळी.

होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. मग अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी. तिची परंपरा १२४६ पासूनची असं तिथे सांगतात. उंच बांबूचा दांडा, त्यासाठी हातांनी उकरलेला खड्डा, रात्रभर ढोल आणि पावरी, आणि होळी पेटते ती पहाटे. होळीचं व्रत धरून बुध्या झालेले पुरुष कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप, अंगभर राखेची नक्षी. या व्रताचे नियम कडक असतात, दिवसेंदिवस पाळावे लागतात. त्यामुळे फोटो काढताना मध्ये घुसणाऱ्या पाहुण्यांवर माणसं चिडतात ते रास्तच आहे.

त्या आठवड्यात काठावर मासा मिळत नाही. होड्या पालथ्या घातलेल्या असतात. हप्तावसुलीची तारीख होळीत पडली तर ती पुढे ढकलायची, हे मी वरिष्ठांना दरवर्षी समजावत असे. धंदा एका पिढीत बदलतो. सण बदलायला किती पिढ्या लागतात ते मला ठाऊक नाही. पण त्यावरून माणूस स्वतःला काय समजतो ते कळतं. होळीतला तो मासेमार स्वतःला अजून शेतकरीच समजतो.

९. होडी हाच रस्ता, म्हणून तिचे नियम पाळा

काठावरच्या अनेक पाड्यांना दवाखाना, रेशन, शाळा हे सगळं होडीनेच गाठावं लागतं. जिल्ह्यात म्हणूनच तरंगता दवाखाना आहे, बोटीवरचा. २०२० मध्ये टाळेबंदीत माणसं अंगणवाडीपर्यंत यायची थांबली, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी कार्यकर्त्या रेलू वसावे यांनी मासेमाराची छोटी होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत अलीगट-दादरच्या पाड्यांवर बाळांची वजनं करायला आणि गरोदर बायांना पोषण आहार द्यायला जाऊ लागल्या. देशभर त्यांचं कौतुक झालं. कौतुक करताना एक गोष्ट निसटली, की होडी दिलेल्या मासेमाराची त्या दिवसाची मासेमारी राहिली होती. काठावर असं होडी देणं चालतंच. त्याची नोंद कुठल्या वहीत होत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ च्या मकरसंक्रांतीला धडगाव तालुक्यात भुषा इथे नर्मदेत बोट उलटून माणसं दगावली. सणाची गर्दी, क्षमतेहून जास्त माणसं. पाहुणा म्हणून जाल तेव्हा होडी भरलेली दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहा. जीवरक्षक जाकीट मागा, मागताना संकोच नको. दुपारनंतर वारा वाढला आणि नावाडी ‘आता नको’ म्हणाला तर जास्त पैशांचं आमिष दाखवू नका. त्याला पैशाची गरज असते आणि तो कदाचित निघेलही. म्हणूनच दाखवू नका.

१०. देखावा झालेलं गाव आणि कामाचं गाव

मासेमारांचं गाव पाहायला जग जातं. पोर्तुगालमधलं नाझारे त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथल्या बायकांचे एकावर एक सात घागरे, वाळूवर जाळ्या मांडून सुकवलेले मासे, किनाऱ्यावर ओढून आणलेल्या रंगीत होड्या. पूर्वी या होड्या ओढायला बैल लावत. १९८० च्या दशकात तिथे बंदर बांधलं आणि होड्या वाळूवरून बंदरात गेल्या. मासेमाराचा जीव वाचू लागला, कारण उसळत्या लाटांतून होडी काढणं संपलं. किनाऱ्यावर उरलं ते बरंचसं पर्यटकांसाठी. आता तर उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या राक्षसी लाटा पाहायला लोक जातात. काम सुखाचं झालं आणि देखावा वेगळा उरला. यात वाईट काही नाही, फक्त ते ओळखून पाहावं.

आपल्याकडे उलट झालं आहे. धरणाच्या भिंतीखाली, गुजरातेत, १८२ मीटरचा पुतळा २०१८ मध्ये उभा राहिला आणि तिथे देशभरातून माणसं येतात. भिंतीच्या वरच्या अंगाला, त्याच पाण्यावर, मणिबेलीपासूनची आपली गावं आहेत. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. तिकडे काम आहे, देखावा नाही. कधीतरी तो येईल. सरोवर सुंदर आहे, तोरणमाळचा यशवंत तलाव पाहून झालेला पर्यटक आज ना उद्या घाट उतरून इकडे येणारच. यायलाही हवं, कारण पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांसाठी इथल्या घरांना आणखी एखादं उत्पन्न हवं आहे. तेव्हा फिरवणारी होडी बाहेरच्या कंपनीची नसावी, गावच्या संस्थेची असावी, एवढीच माझी अपेक्षा. संस्था तयार आहेत, नावाडी तयार आहेत, पाण्याखालची प्रत्येक वाट त्यांना पाठ आहे.

तुम्हाला जायचंच असेल तर दिवाळीनंतर ते माघापर्यंत जा. पाणी भरलेलं असतं, चढ कमी पडतो, हवा थंड असते. आधी संस्थेच्या सचिवाशी बोला, होडीचं भाडं ठरवून घ्या आणि नोटा सुट्या न्या, तिथे यंत्रातून पैसे निघत नाहीत. मासा घ्याल तो काठावरच घ्या, संस्थेच्या काट्यावर तोलून, आणि भावात घासाघीस करू नका. त्या भावात बर्फ आहे, घाट आहे, फाटलेलं जाळं आहे. शहरात यापेक्षा जास्त देऊन तुम्ही शिळा मासा आणताच.